द्राक्षबागेतले ताट : नाशिकच्या वायनऱ्यांमधील दुपारच्या जेवणाविषयी

नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या फुगवट्यालगतच्या उतारांवर, त्याआधी महाराष्ट्राला जवळजवळ अनोळखी असलेली दुपारच्या जेवणाची एक रीत गेल्या दोन दशकांत रुजली आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबई, ठाणे, पुणे आणि सुरत येथून आलेली कुटुंबे व मित्रमंडळी वायनरीत, म्हणजे द्राक्षांपासून वाइन तयार करण्याच्या कारखान्यात, जातात, पोलादी टाक्या आणि लाकडी पिंपे पाहतात, चार-पाच वाइनचे घोटभर नमुने चाखतात आणि मग त्याच आवारातील उपाहारगृहात बागेकडे तोंड करून जेवायला बसतात. हा प्रकार वाटतो तितका स्वाभाविक नाही. साखर कारखाना पाहायला गेलेल्या पाहुण्याला तिथे चहा मिळतो, परंतु जेवण्यासाठी म्हणून कोणी साखर कारखान्याची वाट धरत नाही. वाइनच्या बाबतीत मात्र कारखाना, शेत आणि जेवणाचे टेबल ही तिन्ही एका कुंपणाच्या आत येऊन बसली आहेत, आणि ती तशी का बसली याचे उत्तर खवय्येगिरीपेक्षा मद्यविक्रीच्या कायद्यांत आणि द्राक्षशेतीच्या अर्थकारणात अधिक सापडते.

द्राक्ष पिकवणाऱ्याने आपल्या घरची वाइन आपल्याच अंगणात पाहुण्याला विकावी आणि सोबत काही खायलाही द्यावे, या प्रथेला युरोपात सर्वांत ठळक कायदेशीर रूप मिळाले ते ऑस्ट्रियात. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये काढलेल्या फर्मानाने शेतकऱ्याला स्वतः पिकवलेले अन्न आणि स्वतः तयार केलेली वाइन वर्षातल्या कोणत्याही काळी विकण्याची मुभा दिली, आणि त्यातून व्हिएन्नाच्या परिसरातील ‘हॉयरिगर’ नावाची उद्यान-पानगृहे वाढली. दारावर पाइन वृक्षाची डहाळी टांगलेली असली, की त्या घरी वाइन विक्रीस आहे असे समजायचे, ही त्यांची खूण आजही टिकून आहे. या पानगृहांत पाव, चीज, थंड मांस असे साधे पदार्थ मुख्यत्वे मिळत आले, कारण शेतकऱ्याला मिळालेली मुभा ही शेतमालाच्या विक्रीची होती, खाणावळ चालवण्याची नव्हती. म्हणजे ताटात काय असावे हे आचाऱ्याच्या आधी परवान्याने ठरवले होते, आणि वायनरीतील जेवणाच्या पुढच्या इतिहासातही हेच वारंवार घडलेले दिसते.

दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉश परिसरातील बागायतदारांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन वाइन-मार्ग आखला आणि गाडीने येणाऱ्या प्रवाशाला एका बागेतून दुसऱ्या बागेत नेण्याची व्यवस्था लावली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नापा खोऱ्यात फ्रान्सच्या मोएट कंपनीने उभारलेल्या डोमेन शाँदाँ या वायनरीने १९७७ मध्ये स्वतःचे उपाहारगृह उघडले, आणि वायनरीत जाऊन रीतसर जेवण्याची कल्पना तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडली. परंतु पर्यटकांची गर्दी वाढताच, शेतीसाठी राखलेल्या जमिनीवर हॉटेलांचा व्यवसाय पसरेल आणि द्राक्षे नावापुरती उरतील, अशी धास्ती त्या खोऱ्याला वाटू लागली. १९९० मध्ये तिथल्या काउंटीने वायनरी म्हणजे काय याची व्याख्याच कायद्याने बांधून टाकली आणि शेतजमिनीवरील नव्या वायनऱ्यांना उपाहारगृह चालवण्यास मज्जाव केला. नापाची ही धास्ती नाशिकच्या संदर्भात आज लक्षात घेण्याजोगी आहे, कारण गंगापूर आणि गिरणारे रस्त्यांवरील जमिनीचे भाव द्राक्षांमुळे जितके चढले त्यापेक्षा द्राक्षांच्या देखाव्यामुळे अधिक चढले असावेत, असे मानायला जागा आहे.

महाराष्ट्रातील कायद्याची गोष्ट निराळी आणि काहीशी गमतीची आहे. राज्यात मद्याचे उत्पादन, वाहतूक, विक्री आणि प्राशन यांचे नियमन ज्या कायद्याखाली होते तो १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याचा मूळ पवित्रा मनाईचा आणि परवाना हा त्या मनाईला दिलेला अपवाद. अशा कायद्याच्या छत्राखाली १९८० च्या दशकात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या इंडाज समूहाने फ्रेंच तंत्रसाहाय्याने स्पार्कलिंग वाइन, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे कोंडलेली वाइन, तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी पाठवली, हे धाडस खरोखर मोठे होते. मात्र वाइन हा दारूचा एक प्रकार न मानता द्राक्षप्रक्रियेचा उद्योग मानावा, असा शासकीय दृष्टिकोन स्पष्ट झाला तो २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने. त्या धोरणाने राज्यातील द्राक्षांपासून बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली, परवान्यांची वाट सोपी केली, आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क, म्हणजे या उद्योगासाठी राखलेल्या औद्योगिक वसाहती, उभ्या राहिल्या. वाइनमागे शेतकरी उभा आहे हा युक्तिवाद या धोरणाच्या गाभ्याशी होता. पुढे बागेतच पेला भरण्याला आणि ताट वाढण्याला जे समर्थन मिळाले तेही याच युक्तिवादातून.

या धोरणाच्या थोडे आधीच सुला व्हिनयार्ड्सची सुरुवात झालेली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून अमेरिकेतील ओरॅकल कंपनीत काम केलेले राजीव सामंत १९९० च्या दशकात परत आले आणि नाशिकजवळच्या कौटुंबिक जमिनीवर काही प्रयोग करून वाइनच्या द्राक्षांकडे वळले. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने तिथे सॉव्हिन्याँ ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या वाणांची लागवड झाली आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. कंपनीचे नाव सामंत यांच्या आई सुलभा यांच्या नावावरून आले आहे. २००५ मध्ये सुलाने वायनरीतच टेस्टिंग रूम, म्हणजे पैसे देऊन नमुने चाखण्याचा कक्ष, सुरू केला, आणि आज ज्याला नाशिकचे वाइन पर्यटन म्हटले जाते त्याचा आरंभ तिथून धरला जातो. २००८ पासून सुलाफेस्ट हा संगीतमहोत्सव भरू लागला, मुक्कामाची सोय झाली, एकाहून अधिक उपाहारगृहे उघडली. शेजारी यॉर्क, सोमा या वायनऱ्या उभ्या राहिल्या, इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाजवळ व्हॅलोने, दिंडोरीत शाँदाँ. यांपैकी यॉर्क २०२१ मध्ये सुलाकडेच गेली. ज्या शाँदाँने नापात वायनरीतील उपाहारगृहाचा पायंडा पाडला, त्याच नावाने २०१३ मध्ये दिंडोरीच्या द्राक्षांची स्पार्कलिंग वाइन भारतात विकायला यावी, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

वायनरी चालवणाऱ्याने उपाहारगृहाचा व्याप का अंगावर घ्यावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण वाइन करणे आणि वेळेवर गरम पोळी टेबलावर पोहोचवणे ही दोन अगदी वेगळी कसबे आहेत. पहिले कारण जाहिरातीचे आहे. भारतात दूरचित्रवाणीवर मद्याची थेट जाहिरात करता येत नाही आणि इतर माध्यमांतही तिच्यावर कडक बंधने आहेत. अशा स्थितीत चार तास आवारात रमलेला, टाकीला हात लावून पाहिलेला आणि बागेपाशी छायाचित्र काढलेला पाहुणा हीच उत्पादकाची जाहिरात ठरते. दुसरे कारण असे, की ज्या देशात वाइनचा दरडोई वार्षिक खप अजून शंभर मिलिलिटरच्याही खाली आहे, तिथे ग्राहक तयार मिळत नाही, तो शिकवून घडवावा लागतो, आणि दुकानाच्या काउंटरवर हे शिक्षण होऊ शकत नाही. तिसरे कारण सरळ हिशेबाचे आहे: वायनरीत विकलेल्या बाटलीवर घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा वाटा जात नाही आणि दुसऱ्या राज्याचे शुल्कही लागत नाही. सुलाकडे वर्षाला तीन लाखांहून अधिक लोक येतात असे कंपनी सांगते. त्यांतील निम्म्यांनी जाताना एकेक बाटली घेतली तरी तो खप काही लहान वायनऱ्यांच्या पूर्ण वर्षाच्या उत्पादनाला मागे टाकील.

या व्यवस्थेची परीक्षा २००८-०९ च्या मंदीत झाली. जागतिक आर्थिक संकट आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेल-पर्यटनाचा धंदा बसला, वाइनचे साठे टाक्यांत पडून राहिले, करारावर वाइनची द्राक्षे लावलेल्या अनेक शेतकऱ्यांचा माल उचलला गेला नाही आणि कित्येकांनी वेल उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची वाट धरली. ज्या इंडाजपासून या उद्योगाची सुरुवात सांगितली जाते तो समूहही याच काळात कर्जात बुडाला. जे तगले त्यांत थेट ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या वायनऱ्या ठळकपणे दिसतात, आणि म्हणून वायनरीतील जेवणाकडे निव्वळ चैन म्हणून पाहणे अपुरे ठरते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षाने टीकेची झोड उठवली आणि तो निर्णय अमलात आला नाही. किराण्याच्या फळीवर न पोहोचलेली वाइन बागेतल्या टेबलावर मात्र कोणाच्या फारशा तक्रारीशिवाय पोहोचली, यात समाजाच्या दुटप्पीपणाइतकाच अंतराचाही हात आहे. शहराबाहेर पंधरा-वीस किलोमीटरवर घडलेली गोष्ट शेजाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही.

जेवणाला बसलेल्या पाहुण्याला समोर दिसणारी बाग ही वर्षभर एकसारखी नसते, आणि ती कशी बदलते हे माहीत असल्यास जेवणालाही वेगळा अर्थ येतो. युरोपात हिवाळ्यातील गोठवणारी थंडी वेलाला झोपवते. नाशिक हे सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर असल्याने इथला वेल आपणहून पूर्ण झोपत नाही, म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करून त्याला दिशा द्यावी लागते. एप्रिलच्या सुमारास होणारी खरड छाटणी पुढच्या हंगामाच्या फळधारक काड्या तयार करते, आणि पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी घडांचा हंगाम सुरू करते. छाटणी दोनदा, पीक मात्र एकदाच. पावसाळ्यात जाणाऱ्याला हिरवीगार पण फळाविना असलेली बाग दिसते, दिवाळीच्या आसपास नुकतेच फुटवे धरलेल्या ओळी दिसतात, आणि जानेवारी ते मार्च या काळात खुडणी चालू असते. याच दिवसांत अनेक वायनऱ्या पाहुण्यांसाठी लाकडी टबात द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रम ठेवतात. तो करमणुकीचा भाग असून बाटलीतील वाइन यंत्रांनीच काढलेल्या रसाची असते, हे सांगितलेले बरे.

वाइनचे द्राक्ष बाजारात मिळणाऱ्या थॉमसन किंवा सोनाकासारखे टपोरे, बिनबियांचे नसते. त्याचा मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि साखर बरीच अधिक. ही साखर ब्रिक्स या मापाने मोजतात. एक ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात सुमारे एक ग्रॅम साखर, आणि वाइनसाठी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला द्राक्ष खुडले जाते. साखर आंबून मद्यार्क तयार होत असल्याने खुडणीचा दिवस चुकला की वाइनचा तोलही चुकतो: उन्हाने साखर झरझर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. नाशिकच्या, त्यातही राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत दर हिवाळ्यात झळकणाऱ्या निफाडच्या, थंड रात्री हा आंबटपणा टिकवून धरतात, आणि इथल्या पांढऱ्या वाइनच्या ताजेपणाचे श्रेय मुख्यतः त्या रात्रींना आहे. याउलट ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पाऊस केवडा आणि भुरी हे बुरशीजन्य रोग घेऊन येतो. समोरच्या देखण्या ओळींमागे औषधफवारणीचे एक पूर्ण वेळापत्रक असते. बाग दाखवणारा मार्गदर्शक त्याविषयी सहसा बोलत नाही.

जेवणाआधीची टेस्टिंग ही घाईने उरकण्याची गोष्ट नव्हे. तिचा क्रम साधारणपणे स्पार्कलिंग, पांढरी, गुलाबी, तांबडी आणि शेवटी गोड असा ठेवला जातो, कारण जड आणि तुरट वाइननंतर हलकी वाइन जिभेला पाणचट वाटते. पेला देठाला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. तो फिरवून हुंगायचा, कारण ज्याला सामान्यतः चव म्हटले जाते त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. घोट तोंडात घोळवायचा, आणि वाटल्यास शेजारच्या भांड्यात थुंकूनही टाकायचा. हे शेवटचे मराठी पाहुण्याला असभ्य वाटते आणि पैसे वाया गेल्यासारखेही वाटते, तरी व्यावसायिक चाखणारा तेच करतो. तापमानाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे, तिथे ते १६ ते १८ अंश असते. नाशिकच्या मार्चमधील उघड्या सज्ज्यात तीच बाटली तीस अंशांवर जाते आणि मद्यार्काचा वास बाकी सगळ्यावर मात करतो. सज्ज्यात बसून शिराझ या वाणाची कोमट तांबडी वाइन पिणाऱ्याने ती थंड करून मागावी, यात अडाणीपणा काही नाही.

वाइन आणि अन्न यांची सांगड घालण्याच्या शास्त्राभोवती बरेच गूढ जमले असले तरी त्याचे मूळ नियम थोडे आहेत आणि ते जिभेच्या स्वभावातून येतात. तांबड्या वाइनमध्ये सालीतून आणि बियांतून उतरणारा तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात, लाळेतील प्रथिनांना चिकटतो आणि तोंड कोरडे करतो. मांस किंवा चीज यांतील प्रथिने व स्निग्धता त्याला मऊ करतात. आंबट पदार्थासोबत कमी आंबट वाइन मिळमिळीत लागते, गोड पदार्थासोबत कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन आंबट लागते. तिखट ही तर चवच नव्हे, ती दाहाची जाणीव आहे. मिरचीतील कॅप्सेसिन आणि मद्यार्क हे दोन्ही जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या त्याच चेतातंतूंना चेतवतात, म्हणून जास्त मद्यार्काच्या, तुरट वाइनसोबत ठेचा खाल्ला तर आग दुप्पट होते आणि दोघांचीही चव हरवते.

हे नियम मराठी स्वयंपाकाला लावून पाहिले, तर सर्वसाधारण समजापेक्षा बरेच निराळे चित्र दिसते. महाराष्ट्रीय जेवण तिखट असल्याने वाइनला चालत नाही, हे विधान अर्धवट आहे. चिंच-गुळाची अळूवडी ही तिच्या आंबट-गोड तोलामुळे किंचित गोडवा ठेवलेल्या शेनिन ब्लांशी उत्तम जुळते, आणि सुलाची शेनिन त्याच धाटणीची आहे. तळलेली कोथिंबीरवडी किंवा साबुदाणावडा यांच्या तेलकटपणावर स्पार्कलिंग वाइनचे बुडबुडे आणि आंबटपणा हे चांगले उत्तर आहे. रवा लावून तळलेल्या सुरमईला सॉव्हिन्याँ ब्लांचा गवताळ, लिंबाळ वास शोभतो. काळ्या मसाल्यातील मटण शिराझसोबत नेता येते, मात्र मसाल्याचा खमंगपणा ठेवून तिखट आवरले पाहिजे. अडचण खरी येते ती मेथी आणि कारले यांच्याशी, कारण कडूपणा आणि टॅनिन एकमेकांना चिथावतात, आणि खानदेशी भरीत किंवा झणझणीत रश्श्याशी, जिथे वाइनने बाजूला सरून ताकाला जागा द्यावी हेच श्रेयस्कर. पुरणपोळीसोबत कोरडी वाइन दिली तर ती व्हिनेगरच्या वाटेने जाते. तिथे वेलावर उशिरापर्यंत पिकू दिलेल्या द्राक्षांची, ‘लेट हार्वेस्ट’ या नावाने मिळणारी गोड वाइनच टिकाव धरते, आणि तीही पुरणापेक्षा गोड असली तरच.

नाशिकच्या वायनऱ्यांमधील प्रत्यक्ष मेनूवर मात्र या शक्यतांचा मागमूस फार थोडा आढळतो. तिथे राज्य आहे ते पिझ्झा, पास्ता, चीजची फळी आणि उत्तर भारतीय तंदुरी पदार्थ यांचे. सुलाच्या आवारातील एक प्रमुख उपाहारगृह पुण्यात सुरू झालेल्या ‘लिटल इटली’ या शाकाहारी इटालियन साखळीचे आहे, आणि ही निवड अविचाराने झालेली दिसत नाही. नाशिक हे गुजरातच्या सीमेजवळचे शहर, गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी, आणि तिकडून येणाऱ्या पाहुण्यांत शाकाहारी व जैन कुटुंबांचे प्रमाण मोठे; अशा गटाला वाइनसोबत निर्धास्तपणे खाता येईल असे काही हवे, तर शाकाहारी पिझ्झा हा व्यापारीदृष्ट्या चाणाक्ष तोडगा आहे. चीज आणि टोमॅटो वाइनला सोयीचे असतात, हेही खरेच. परंतु इटलीत ज्या पदार्थाची त्या मातीतील वाइनशी शतकांची ओळख आहे, तो नाशिकच्या द्राक्षाशेजारी आणून ठेवला की नाशिकची ओळख होत नाही. शहरातून वायनरीकडे जाताना लागणारी चुलीवरच्या मिसळीची ठिकाणे रविवारी सकाळी ओसंडून वाहतात, मखमलाबादकडे तर द्राक्षाच्या मांडवाखाली बसवून मिसळ वाढली जाते, आणि तोच पाहुणा दुपारी वायनरीत जाऊन चीजची फळी मागवतो. मिसळीला वाइन जुळत नाही हे मान्य; पण द्राक्षबागेत बसून स्थानिक जेवण देण्याचे कसब आणि त्याला लागणारा ग्राहक, दोन्ही याच रस्त्यावर हजर आहेत.

जेवणाच्या बिलातही हा सगळा इतिहास उमटतो, हे सहसा कोणी वाचत नाही. अन्नावर वस्तू व सेवा कर लागतो, तर मानवी सेवनाचे मद्य त्या कराच्या कक्षेबाहेर असल्याने वाइनवर राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळा आकारला जातो. एकाच टेबलावरच्या ताटाला आणि पेल्याला कायदा अशा रीतीने दोन निरनिराळ्या खात्यांत टाकतो. शासनाने जाहीर केलेल्या ड्राय डेला तर ताट मिळते आणि पेला मिळत नाही. जाण्याआधी तारीख पाहून घ्यावी.

परतीच्या रस्त्याचा विचार या पर्यटनाच्या चकचकीत वर्णनांत अपवादानेच येतो. बारा टक्के मद्यार्काच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि टेस्टिंगचे पाच नमुने व जेवणातले दोन पेले मिळून होणारी मात्रा मुंबईच्या तीन-चार तासांच्या प्रवासासाठी कोणत्याही अर्थाने किरकोळ नसते. मोटार वाहन कायद्याने वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे आणि ती ओलांडायला अनेकांना दोन पेलेही पुरतात. वाइन हृदयाला हितकर असते हे टेस्टिंग रूममध्ये अजूनही ऐकू येणारे वाक्यही आता सोडून द्यायला हवे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्याला प्यायची त्याने चवीसाठी प्यावी, औषध म्हणून नव्हे, आणि गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्यावी किंवा मुक्काम करावा. रविवारऐवजी फेब्रुवारीतला एखादा कामाचा दिवस निवडल्यास खुडणीही पाहायला मिळते आणि प्रश्न विचारायला वाइन करणारा माणूसही भेटू शकतो.

वायनऱ्यांकडून अपेक्षा एवढीच, की शेतकऱ्याच्या नावावर मिळालेल्या सवलतींचा थोडा अंश त्यांनी ताटातही दाखवावा. नाशिक जिल्ह्यात लासलगावचा कांदा आहे, पेठ-सुरगाण्याची नागली आहे, इगतपुरीचा भात आहे, आणि या तिन्हींचे पदार्थ शिजवणाऱ्या बायका वायनऱ्यांच्या बागांत खुडणीला येतात. नागलीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची बेताची तिखट भाजी दिंडोरीच्या शिराझशेजारी ठेवायला ना नवा परवाना लागतो, ना मंत्रिमंडळाचा निर्णय. तो बदल स्वयंपाकघरात, येत्या खुडणीच्या हंगामापासूनच करता येण्यासारखा आहे.